रुखमाबाई ट्रॅक्टरशी बोलते

मुखरूभाऊनं ट्रॅक्टरच्या तोंडाशी दोन लांब लोखंडी सुळे बसवून घेतले. ते खुपसले की तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, भला मोठा गोल गठ्ठा अलगद उचलला जायचा. पण गठ्ठा वर गेला की त्याला पुढचं काही दिसत नसे. म्हणून बायको रुखमाबाई पुढे चालून वाट सांगायची.

त्या दिवशी दोघांचं बिनसलं होतं. पाहुण्यांसमोर त्यानं तिच्या मच्छीच्या रश्श्याला नावं ठेवली होती. ती नवऱ्याशी बोलेना, पण तणस तर गोठ्यात न्यायचंच होतं.

"ट्रॅक्टर, जरा उजवीकडे घे," ती म्हणाली.

मुखरूभाऊही हट्टाला पेटला. "ट्रॅक्टर, तिले सांग, मले काही ऐकू येऊन नाई राह्यलं."

मग तिनं वाट सांगणंच सोडलं. ट्रॅक्टर सरळ तळ्याच्या उताराला लागला.

"अवो, थांबा न जी," म्हणत रुखमाबाई बाजूला पळाली.

त्यानं करकचून ब्रेक दाबला. गठ्ठा सुळ्यांवरून सुटला आणि गडगडत पाण्यात गेला. तिथं डुंबणाऱ्या त्यांच्याच म्हशी त्याच्याभोवती जमल्या आणि निवांत खाऊ लागल्या.

"आता हे बाहेर काढाचं कसं?" मुखरूभाऊनं पडेल आवाजात विचारलं.

"काढता कायले? गोठ्यात नेऊन तरी कोणाले चारणार होते?" रुखमाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.