बाईचा जीव घाबरत होता

नाकाडोंगरीहून निरोप घेऊन आलेला माणूस आमच्या तुमसरच्या घराच्या पायरीवर टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "शांताबाई गेली जी. घाबरून घाबरूनच गेली बिचारी." मी त्याच्यावर ओरडलेच, "ती कोणालेच घाबरत नव्हती!" त्याचा काय दोष... गावात ऐकलं तेच त्याने सांगितलं. पण महिना उलटून गेला तरी तो शब्द आठवला की माझं डोकं तापतं.

शांता माझी मोठी बहीण. मी तिला बाई म्हणे. भाऊजी चिखल्याच्या खाणीत कामाला, आणि बाईचा सगळा संसार तिथल्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात झाला. नळावरच्या भांडणात तिने तोंड उघडलं की बाकीच्या बायका आपापले पाण्याचे गुंड उचलून चालू लागत. एकदा क्वार्टरात साप निघाला. पुरुष काठी शोधत राहिले, हिने मुसळाने काम आटोपलं आणि परत भाजी चिरायला बसली. वर आम्हालाच म्हणाली, "पाहून काय राह्यले? भूक नाही लागली का?" अशी ही बाई म्हणे घाबरत होती!

मागच्या वर्षी भाऊजी काविळीने गेले. तेरवी होते न होते तोच क्वार्टर खाली करावा लागला. कामगारच नाही तर क्वार्टर कसला! सामान बैलगाडीत घालून बाई लेक नंदाला घेऊन नाकाडोंगरीला सासरी आली, भासऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या दिराच्या घरी. आपल्या चुलीची मालकीण होती, ती आता जावेला विचारून मीठ घेऊ लागली. ते अंगवळणी पडायच्या आत नंदाच्या लग्नाची घाई सुरू झाली. आमच्यात घरात कोणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. कोणी ठरवलं हे? नवरा गेला, घर गेलं, त्याच वर्षात एकुलती एक लेकही दुसऱ्याच्या घरी धाडायची, आणि तिच्या हळदीला आईने लांब भिंतीशी उभं राहायचं, कारण ती विधवा! मी भासऱ्यांना म्हटलं, थोडं थांबा. तर म्हणाले, "रीत मोडाची का?"

तेव्हापासून ती म्हणू लागली, "जीव घाबरते वो. छातीत कोणी धान कांडून राह्यलं जसं." आमच्याकडे जीव घाबरते म्हणजे छाती धडधडते, दम कोंडतो. पोरासोरांनाही हे कळतं. पण त्या घरात नेमकं "घाबरते" तेवढंच ऐकू गेलं. जाऊ म्हणायची, "काहून घाबरते? आमी आहो न." मग अंगारा झाला, काळा दोरा झाला. पायाला सूज आली तर म्हणे बसून बसून आली. मध्येच टेकली तर म्हणे सोंग.

मी हट्टाने तिला तुमसरला डॉक्टरकडे आणवलं. सोबत भासरे आले, आणि तिथेच सारं चुकलं. भासऱ्यापुढे भावजयीने पदर ओढून गप्प राहायचं, ही जन्माची सवय. मी बाहेर बाकावर, आत ती आणि ते. डॉक्टर घाटावरचा, आमची बोली न कळणारा, नवीन आलेला. त्याने विचारलं, काय होतंय? बाईची मान खाली. भासऱ्यांनी सांगितलं, "भेव लागते तिले, साहेब. नवरा गेला न." डॉक्टरने नाडी पाहिली, टॉनिक लिहून दिलं आणि धीर धरा म्हणाला. सन ऐंशी उलटलं तरी बाईचं दुखणं दिरानेच सांगायचं!

आत काय झालं ते बसस्टँडवर कळलं तशी मी तिला फैलावर घेतलं. "तू काहून नाही बोलली?"

"भासऱ्यापुढं कशी बोलू वो?" आणि हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लग्न लागल्यावर मी कोणाला न विचारता तिला भंडाऱ्याला नेलं. तिथे मात्र ती घडाघडा बोलली. नवऱ्यापासून मिठापर्यंत सगळं. डॉक्टरने रक्तदाब मोजला, छाती तपासली, परत मोजला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हृदय फार थकलंय. एका वर्षात एवढं? माणूस आहे की बैल? आधी का नाही आणलंत?" गोळ्या दिल्या. पण त्या गोळ्या संपायच्या आतच बाई गेली. चाळिशी धड ओलांडली नव्हती.

तेरवीला बायका म्हणत होत्या, "लेक मार्गी लावली, सोनं झालं." कसलं डोंबलाचं सोनं! तुम्ही एका बाईवर वर्षभर ओझ्यावर ओझं टाकलं आणि ती वाकली तर तिला भित्री म्हटलं. मी हे तोंडावर बोलले. आता त्या घरी मला कोणी बोलावणार नाही, नको बोलावू देत.

त्याच दिवशी तिची खोली पाहिली. अंथरुणामागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, केसांच्या तेलाचा हा मोठा काळा डाग. म्हणजे आडवं झालं की दम कोंडे, म्हणून कित्येक महिने ती आडवी होऊच शकत नव्हती. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या रात्री काढत होती. त्या घरात रोज झाडू मारला जात होता... कोणालाच दिसलं नाही? नंदा त्या डागाकडे पाहत राहिली. म्हणाली, "मावशी, मले वाटे, माय माझ्यावर रुसून बसते."

परवा दिवाळीच्या सफाईत जावेने तिथे चुना मारला. बाजारात भेटली तर कुरकुरत होती, "दोनदा मारला वो, वाळला का डाग पुन्हा वर येते. काय करू आता?"

म्हटलं, "काही करू नका. पाहा त्याच्याकडे."