मामांचं तुळशीपत्र

मेलेल्याला मान देण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडला नसता. शेजारणीची कोंबडी गेली तरी मामा टोपी घालून भेटायला जात आणि दहा मिनिटं न बोलता बसून येत. मारुंजीला आमचा जुना फ्रीज भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होता, तेव्हा मामांनी खाली उतरून त्याला हात जोडले. "बारा वर्सं तुमचं पानी गार केलं त्यानं, आन् तुमी वर बसून बिस्किटं खाताय व्हय?" असं सगळ्या सोसायटीदेखत मला सुनावलं. मी मुकाट्यानं हात जोडले. भंगारवाल्यानंही जोडले.

अशा माणसाला नोकरी लावण्याचं पुण्य माझं. नफाही हवा आणि पृथ्वीचं भलंही व्हायला हवं, अशा गुंतवणूकदारांनी मामांच्या गावच्या डोंगरावर मामांसकट गावकऱ्यांच्या हातून रोपं लावून घेतली होती. त्यांच्या पैशानं नेमकं किती भलं झालं, हे आमच्या कंपनीतली कृत्रिम बुद्धिमत्ता मोजायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मामांनी एकेका रोपाचा मोबाइलवर फोटो काढायचा, रोप जिवंत की मेलेलं ते यंत्र ठरवणार, आणि यंत्र म्हणेल त्याखाली सही करणारा तज्ज्ञ मी. "मामा, मेलेलं लपवू नका," मी बजावलं होतं. "मेलेली जास्त दिसली, तर पाण्याचे टँकर वाढतील."

यंत्रानं जवळजवळ सगळी रोपं जिवंत ठरवली. मी सही केली. गुंतवणूकदार खूश झाले, आणि आता पाण्याची गरज नाही म्हणून होता तो टँकरही बंद झाला. मामांचा फोन आला.

"जावईबापू, निम्मी रोपं वाळून काटक्या झाल्यात. तुमचं यंत्र आंधळं हाय का?"

"यंत्र चुकत नसतं, मामा," मी खुर्चीत रेलून म्हणालो.

मग पहिल्यांदाच फोटो उघडून पाहिले. प्रत्येक वाळल्या काटकीवर एक हिरवंगार तुळशीचं पान ठेवलेलं होतं. यंत्राला हिरवं दिसलं, की ते रोप जिवंत. "मामा, ही तुळशीची पानं कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"मग काय तसंच सोडायचं?" मामा म्हणाले. "आपल्या हातानं लावल्यालं, आपल्या डोळ्यांदेखत गेलं."

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एकदा जिवंत सांगितलेलं आता मेलं म्हणून कसं सांगायचं? पुढच्या वर्षी बघू." मी "बरं" म्हणालो. "बरं" म्हणणं मला फार छान जमतं. मामांना ते कधीच जमलं नाही. उरलेल्या रोपांसाठी पाण्याचे दोन कॅन घेऊन ते रोज डोंगर चढू लागले. मामी ओरडायच्या, मी एसीत बसून फोनवरून काळजी करायचो. मे महिन्यातल्या एका दुपारी मामा वरच टेकले, ते उठलेच नाहीत. शेळ्या चारणाऱ्यांनी त्यांना खाली आणलं. शेजारच्या रोपाचं आळं अजून ओलं होतं, असं ते सांगत होते.

मामींनी तुळशीचं पान माझ्याच हाती दिलं. मी ते मामांच्या ओठांवर ठेवलं. पान ताजं होतं, हिरवंगार. हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. एक फोटो काढावा आणि यंत्राला दाखवावा, एवढंच क्षणभर मनात आलं.