हळद लागलेली फ्लॉपी

परवा एका लग्नातलं मेमरी कार्ड, फोटो उघडेनात म्हणून, माझ्याकडे तपासायला आलं. त्याला ओल्या हळदीचा वास होता आणि मला नव्वदच्या दशकाच्या अखेरची, साताऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमधली एक दुपार आठवली. शेजारच्या गावातली एक बाई फ्लॉपी घेऊन आली होती. फौजेतल्या मुलानं त्यात आपला फोटो भरून पाठवला होता आणि नवी वस्तू घरात आली म्हणून तिनं फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं होतं. पत्र्याचं झाकण सरकवलं तर आत पिवळी पूड. “बिघडली का वं, मास्तर?” तिनं हळूच विचारलं. मी मऊ ब्रशनं पूड झटकली आणि काही उघडायच्या आधी सगळी फ्लॉपी जशीच्या तशी दुसरीवर उतरवून घेतली. ड्राइव्ह बराच वेळ करकरत राहिला. मग त्या प्रतीतून फोटो वरून खाली सावकाश उमटू लागला. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे. हनुवटीपाशी तो थांबला, पुढचं काही येईना. तिनं पडद्याच्या काचेवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. “लय वाळलाय,” म्हणाली. मी तिच्यापुढे नवी, स्वच्छ प्रत धरली, पण तिनं पिवळीच मागितली. “आवं मास्तर, हिला त्याचा हात लागलाय न्हवं!” परवाचं कार्ड मी प्रत काढून तपासलं आणि परत दिलं, हळद तेवढी पुसली नाही.