डोळा हलत्याचं ऐकतो

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला बसल्या की आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलून लावायच्या. मग स्वतःच्या पाठीमागे काळी घोंगडी टांगायच्या, बांगड्यांवर फडकं गुंडाळायच्या आणि नथ काढून ठेवायच्या. "डोळा मालकाचं ऐकत न्हाई, हलत्याचं ऐकतो," म्हणायच्या.

भाताची झोडणी सुरू झाली की आमच्या मार्गासनी गावात रोज कुणीतरी डोळा चोळत आमच्याकडे यायचं. चांगला डोळा तळहाताने झाकायचा, दुखऱ्याने घोंगडीच्या काळ्यावर नजर लावायची. आत्याबाई जुन्या लुगड्याची मऊ चिंधी ओली करून कुसळ अलगद टिपायच्या.

भोरहून लग्न होऊन आले त्याच सुगीत माझ्या डोळ्यात कुसळ गेलं. आंधळी झाले तर माहेरी पाठवतील, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात कुणीतरी घोंगडीवरून चेंडू उडवला. मला कळायच्या आत डोळा तिकडे गेला आणि चिंधी बुबुळाला घासली. "तुजा काय दोष, पोरी? डोळ्याची जातच फितूर," त्या म्हणाल्या.

पुढे लढाईच्या सालात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात कुसळ गेलं. डावा डोळा झाकून त्या माझ्यासमोर बसल्या. घाबरून मी घोंगडी विसरले, कोंबड्याही. एक कोंबडी फडफडत त्यांच्या तोंडासमोरून गेली, तरी डोळा जागचा हलला नाही. काय ताबा हा, मला वाटलं. कुसळ निघालं, तरी डोळा तिथेच खिळलेला. मी त्यांच्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. डोळा तसाच.

"आत्याबाई, या डोळ्याने दिसत नाही का हो?"

"लई दिस झालं. कुनाला सांगू नगंस. मंग माज्याम्होरं कोन डोळा उघडंल?"

मी सांगितलं नाही. पण एका डोळ्याने अंतर कळत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. कुणी डोळा चोळत आलं की मी चूल सोडून धावत बाहेर यायचे आणि सगळं नीट होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

मग एकदा माझ्या लेकीच्याच डोळ्यात कुसळ गेलं. आत्याबाईंनी तिला समोर बसवलं, चिंधी ओली केली, बोट तिच्या पापणीपाशी नेलं आणि थांबल्या. त्या उठल्या आणि चिंधी माझ्या हातात दिली.

"हितं बस," म्हणाल्या. "आजपास्नं ह्ये तुजं."