उस्मानाबादच्या खणातला अहवाल

उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या कॉलेजात सगळ्यांत जास्त मिरवलो मी, ग्रंथपाल. ग्रंथालयात पुस्तकांच्या कार्डांचं मोठं लाकडी कपाट होतं. त्यातल्या एका रिकाम्या खणावर मी 'लातूर जिल्हा' अशी चिठ्ठी ठळक अक्षरात लिहून चिकटवली. आत नव्या पुस्तकांची पाच-सात कार्डं. जुनी सगळी उस्मानाबादच्या खणात तशीच राहिली. सवडीनं हलवू म्हटलं, आणि ती सवड काही मिळाली नाही.

पोरांना मी पुस्तक कधी आयतं देत नसे. "सर, तुम्हीच सांगा की," असं कुणी म्हणालं की मी खणाकडे बोट दाखवायचो. विषय शोधा, कार्ड वाचा, नंबर लिहून आणा. या खाक्याचा मला भारी अभिमान होता.

मग दुष्काळ पडला. औशाकडच्या एका खेड्यातली, दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी आली. त्यांच्या गावाला पिण्याच्या पाण्याची सरकारी विहीर मंजूर झाली होती. तिचे वडील म्हणत होते, ओढ्याकाठी खणा. बाकीच्यांचा भरवसा पाणाड्यावर. त्यानं हातावर नारळ धरून माळावरची जागा दाखवली होती. दोन दिवसांनी बैठक होती. जमिनीखालच्या पाण्याची पाहणी कुठं छापलीय का, हे तिला बघायचं होतं. मी बोट दाखवलं. तिनं लातूरचा खण दोनदा चाळला.

"न्हाई सर इथं."

"खणात नाही म्हणजे आपल्याकडे नाही," मी मान वर न करता म्हणालो.

विहीर माळावर खणली. खाली नुसता काळा खडक लागला.

परीक्षा जवळ आल्या तेव्हा पुस्तकांची मोजणी करताना जुन्या जिल्ह्याचा पाहणी अहवाल हाती आला. त्यात तिच्या गावाचा नकाशा होता आणि ओढ्याकाठी पाण्याची खूण. कार्ड उस्मानाबादच्या खणात. मला माझीच लाज वाटली. तिला बोलावून घेतलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. तिनं नकाशात आपलं गाव शोधलं.

"माझे बापू हेच म्हणत होते. तुम्ही न्हाई म्हणलाव, मी घरी तेच सांगितलं. मग ते बैठकीत गप बसले."

"पुस्तक घेऊन जा. त्यांना दाखव."

"नेते." तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं. "आई रोज इथंच वाळू उकरून घागर भरती, सर."