पालथी बशी

तीस वर्षं वसई-विरारच्या बातम्या दिल्या. टँकर, खड्डे, बेकायदा मजले. त्यातलं आज कोणाला काही आठवत नाही. लोक भेटले की विचारतात ते तुळिंजच्या हॉटेलातल्या आमच्या टेबलाचे किस्से. इतक्या वर्षांच्या पत्रकारितेची ही किंमत! असो, ऐका.

टेबलावर आम्ही चौघं. डिमेलो सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सावंतबाई बँकेतून निवृत्त. कमळाकर चांदीप गावचा शेतकरी, बाजारात भाजी टाकून यायचा. आणि मी, नास्तिक. हॉटेल शेट्टींचं, अजूनही कपबशीत चहा देणारं.

सरांचा नियम एकच. देव आहे की नाही, यावर कितीही भांडा, पण फक्त तर्काने. पोथी, बायबल, नवस, चमत्कार, ‘मला अनुभव आला’ हे सगळं बंद. जो नियम मोडेल त्याने बशी पालथी घालायची आणि चहा संपेपर्यंत गप्प बसायचं.

पहिल्याच आठवड्यात सावंतबाईंनी कुलदेवतेचं नाव घेतलं आणि चहा संपून भजी येईपर्यंत मुक्या राहिल्या.

*

सर म्हणाले, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. त्या कारणालाही कारण. ही साखळी मागे अशीच अनंत जाऊ शकत नाही, म्हणून पहिलं कारण मानावंच लागतं.

मी भडकलो. एका बेकायदा इमारतीमागे मी दोन वर्षं फिरलोय. पालिकेत खालचा साहेब म्हणे वरून आदेश, वरचा म्हणे त्याच्याही वरून. मी पार शेवटच्या टेबलापर्यंत गेलो.

“मग, पहिलं कारण सापडलं?” सरांनी विचारलं.

“त्याची बदली झाली होती.”

*

दुसऱ्या दिवशी सरांनी केळीचं पान आणलं. ही शिरांची रचना बघा, म्हणाले. रचना आहे म्हणजे रचणारा आहे.

सावंतबाई मनवेलपाड्यात राहतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार उघडलं की फ्रिजला आपटतं.

“आमच्या बिल्डिंगलाही आर्किटेक्ट होता, सर.”

“म्हणजे होता, हे तुम्हाला मान्य आहे.”

“मान्य आहे. पण त्याला हात जोडावेसे वाटत नाहीत.”

*

सरांचा लाडका युक्तिवाद वेगळाच. ज्याहून मोठं काही कल्पनेतही येत नाही, तो देव. तो नुसता डोक्यातच असता, तर खरोखर असलेला त्याहून मोठा ठरला असता. म्हणून तो असलाच पाहिजे.

कमळाकरने बशीत फुंकर घातली. “सर, माझ्या डोक्यात एक विहीर हाय. तिच्याहून मोठी विहीर नाय. पन पानी?”

सरांनी समजावलं, विहीर कितीही मोठी घे, तिच्याहून मोठी सुचतेच. देवाच्या पुढे काही सुचतच नाही.

“म्हंजे सुचायचं थांबलं की देव?”

सरांनी वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. चाळीस वर्षं शिकवलं, म्हणाले, पण एकाही पोराने असं तोंड बंद केलं नव्हतं.

*

मी सरांना शब्द दिला होता. माझ्या साप्ताहिकात टिकेल असा पुरावा द्या, पहिल्या पानावर ‘देव आहे’ असा मथळा लावतो. सर दर महिन्याला मसुदा आणायचे, मी लाल पेनाने फाडायचो. एकदा समासात लिहिलं, ‘दुसरी बाजू घेतली का?’

*

मग सरांची बायपास ठरली. डॉक्टर म्हणाले, वय बघता खात्री देत नाही.

आत नेण्याआधी सरांनी माझ्या हातात नवा मसुदा ठेवला. “मी बाहेर येईपर्यंत चुका काढून ठेव.”

पाच तास लागले. बाकावर एका बाजूला सावंतबाई पर्समध्ये हात घालून काहीतरी घट्ट धरून बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला कमळाकर, चपला काढून. मधे मी, लाल पेन घेऊन. मसुद्यावर एकही खूण झाली नाही.

दीड महिन्याने सर टेबलावर आले. बारीक झालेले, पण नजर तीच. चहा आला.

“मी आत असताना नियम कोणी मोडला?”

सावंतबाईंनी बशी पालथी घातली. मग कमळाकरने. दोघं माझ्याकडे बघू लागले. अंधश्रद्धेविरुद्ध मी किती अग्रलेख लिहिलेत, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि बशी पालथी घातली.

सरांनी आमच्या तिन्ही बश्या शांतपणे पाहिल्या. आपला कप उचलून बाजूला ठेवला, आणि स्वतःची बशीही पालथी घातली.

गल्ल्यावरून शेट्टी उठून आले. “आज काय झालं? भांडण झालं का तुमचं?”

चहा संपेपर्यंत उत्तर कोणालाच देता येईना.