कूल
मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न करपल्याचा वास आला की मला अजून मळमळतं. अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या ऑफिसात मी तेव्हा नवा होतो, व्हिसाही कंपनीच्या हातात. एका सकाळी पुण्याहून भावाचा फोन आला, बाबा गेले. मी तसाच ऑफिसला गेलो. मॅनेजर पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हमधले करपलेले पॉपकॉर्न खात होता, मूळचा नागपूरचा, म्हणून मराठीतच सांगितलं, "माझे बाबा गेले. आजच्याच फ्लाइटनं निघतोय." फोनवरून नजर न काढता तो म्हणाला, "ओके, कूल." शाळेत या शब्दाचा अर्थ 'गार' एवढाच शिकलो होतो, इथं आल्यावर कळलं, झकास म्हणजेही कूल आणि चालेल म्हणजेही कूल. पण बाप मेल्याच्या बातमीवरही तो खपतो, हे ठाऊक नव्हतं. बोटांवरचं बटर चाटत त्यानं विचारलं, "लॅपटॉप नेतोयस ना?" मला शिसारी आली. बॅगेतून लॅपटॉप काढून त्याच्यासमोर ठेवला आणि निघालो. नोकरी टिकली, पण त्याच्याशी कामापलीकडे पुन्हा कधी बोललो नाही. आता माझ्याही हाताखाली माणसं आहेत. कुणी अशी बातमी घेऊन आलं, की मी त्याच्याजवळ जाऊन बसतो. काही सुचलं नाही, तर गप्प बसतो.